हिरव्या पेनाची खूण

मामा,

परवा तुझं तेरावं झालं. मांडववाला काल चटया आणि पातेली घेऊन गेला. आई आज सकाळच्या एसटीने परत गेली, बाबांना मिठागरावर सुट्टी नव्हती. घरात मामी आणि मी. सकाळी मी चहा केला, तीन कपांचा झाला. तिसरा कप बराच वेळ ओट्यावर तसाच होता. मग मामीने तो पिऊन टाकला.

नंतर मी कारखान्याचं पत्र्याचं दार उघडलं. का उघडलं ते मला सांगता येत नाही. रोज सकाळी ते उघडतं, म्हणून उघडलं असेल. तू पडवीला लागलेल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीला कारखाना म्हणायचास, म्हणून आम्हीही म्हणतो. आत वार्निशचा वास तसाच होता. तार भरायच्या मशीनवर अर्धी गुंडाळी होती आणि आकडा दाखवणाऱ्या डबीत एकवीस होते. एकवीस वेढे घालून तू पाणी प्यायला उठलास आणि परत बसला नाहीस. मी तो आकडा दोनदा वाचला. मला काही वाटलं नाही. आई म्हणते, रडू येईल, घाई करू नकोस. मी घाई करत नाही. मी फक्त बघते आहे की येतंय का.

हे लिहायला बसले त्याचं कारण आज जे घडलं ते आहे. ते मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. आणि त्याच्या आधीचं एक आहे, ते तर मी तुलाही सांगितलं नव्हतं.

मी अकरावीला तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पुढे कॉम्प्युटरला प्रवेश घेतला, तर हा विषय नक्की काय असतो ते तुला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. गिऱ्हाइकाने विचारलं तर तू सांगायचास, "भाची मशीनचं शिकते." कुठलं मशीन, ते कोणी विचारलं नाही. गेल्या दिवाळीनंतर तू विरारहून एक जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणलास. मी मागितला नव्हता, मागायची हिंमत नव्हती. तू तो जेवणघराच्या कोपऱ्यात ठेवलास, मामीने त्याच्यावर टीव्हीचा जुना विणलेला रुमाल घातला आणि तू म्हणालास, "आता ह्याला काय तरी काम दे. रिकामा बसला तर गंजेल."

मग मी काम शोधलं. तुझ्या वह्या.

आगाशीपासून राजोडीपर्यंत, इकडे नंदाखालपर्यंत, वाड्यांमधल्या विहिरींवरच्या किती मोटारी तुझ्या हातून गेल्या असतील, कोण जाणे. लाईट कमीजास्त झाली की मोटार जळायची आणि जळली की तुझ्याकडे यायची. जळलेली तार कापून काढायच्या आधी तू ती मोजायचास. किती खाचा, खाचेत किती वेढे, किती गेजची म्हणजे किती जाड तार, कारण नवी तार तशीच भरायची. मोजताना तू कोणाशी बोलायचा नाहीस. कोणी दारात आलंच तर डावं बोट वर करायचास आणि माणूस तिथेच थांबायचा. मोजून झालं की ते वहीत जायचं, म्हणजे तीच मोटार पुन्हा जळली तर पुन्हा मोजायला नको. शाळेच्या दोनशे पानी अकरा वह्या होत्या. त्यांच्यात एखादी मोटार शोधायला तुला कधी कधी अर्धा दिवस लागायचा. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून राहायचं आणि मामी त्याला दोनदा चहा द्यायची.

मला वाटलं, ह्यात मी काहीतरी करू शकते. तुला उपयोगी पडण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

सॉफ्टवेअर निवडायला आपल्याला दीड महिना लागला, आठवतंय? आधी मी तुला तक्त्याचं दाखवलं, चौकटी चौकटींचं. तू चष्मा वर करून बघितलंस आणि म्हणालास, हे तर शाळेतलं हजेरीपत्रक झालं, ह्यात माणूस हजर का गैरहजर एवढंच मावेल. मग वर्गातल्या मैत्रिणीने एक सीडी दिली. ते दिसायला फार छान होतं, वहीसारखी पानं, पानांना रंगीत कडा. पण ते तीस दिवसांनी बंद पडणारं होतं. मी तुला तसं सांगितलं तेव्हा तू बराच वेळ हसलास. तीस दिवसांनी कुलूप लागणारी वही कोण विकतं, आणि घेतो तो कोण, हे तू पुढे आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होतास. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

तिसरं मी विरारच्या सायबर कॅफेतून आणलं, फुकटचं. डाव्या बाजूला झाडासारख्या फांद्या आणि उजवीकडे कोरं पान. त्याची अडचण वेगळी निघाली. मराठी अक्षरं पानावर नीट दिसायची, पण शोधायला गेलं की सापडायची नाहीत. आत त्यांची इंग्रजीच अक्षरं असायची, वरून फक्त मराठीचा सदरा. मी दोन दिवस डोकं लावलं आणि तोड काढली. मजकूर मराठीत, पण प्रत्येक नोंदीच्या वर गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत. मग तुला बोलावलं. तू हात पुसत आलास, खुर्चीवर बसला नाहीस, मागे उभा राहिलास.

"राजोडी काढ," म्हणालास.

मी पाच-सहा अक्षरं दाबली आणि राजोडीच्या सगळ्या मोटारी एकाखाली एक आल्या. थोड्या वेळाने म्हणालास, परत काढ. मी परत काढल्या. मग तू मामीला हाक मारून आणलंस आणि तिसऱ्यांदा काढायला लावलंस. मामी म्हणाली, "बघितलं. भाकरी करपते माझी." तुझा तो चेहरा मला आत्ताही दिसतो आहे. बारावीच्या निकालाला तू एवढा खूश झाला नव्हतास.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

झाडाला दोन फांद्या मी पाडल्या होत्या. एक 'धंदा' आणि एक 'घर'. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की कामाच्या नोंदी आणि खासगी नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर दोन्ही सापडत नाहीत. मला ते फार पटलं होतं, कारण तुझ्या वह्यांत नेमका तोच घोटाळा होता. तू दोन्ही एका दमात लिहायचास. 'चिंचेखालच्या विहिरीची मोटार, चोवीस खाचा, अडतीस वेढे. हिला ताप.' त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी, 'ताप उतरला. बोळिंजची मोटार नेली नाही अजून.' मी तुला म्हटलं की ताप घरात जाईल आणि मोटार धंद्यात जाईल. तू विचारलंस, का. मी सरांचं सांगितलं.

"मी हितं बसतो नि तितं जेवतो. मधे उंबरा पन नाय," तू म्हणालास. "तू भिंत कुठं घालतेस?"

मी म्हटलं, भिंत नाही, फक्त फांदी आहे. तू म्हणालास, कुठली मोटार कधी भरली ते मला ताप आठवला की आठवतं. मी म्हटलं, त्याला तारीख आहे की. तू मान हलवलीस आणि म्हणालास, तारखेला चव नसते. हा वाद आपण किती वेळा घातला असेल. लाईट गेली की तू मुद्दाम वही काढून खिडकीशी बसायचास आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचास, "हिला बॅटरी लागत नाय." मी कधी जिंकले नाही आणि तूही नाहीस. ते तसंच राहिलं.

दर रविवारी मी दोन-तीन तास वहीतून कॉम्प्युटरवर उतरवत होते. जे पान झालं त्याच्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायचे. लाल पेन मास्तरांचं, म्हणून मी हिरवं घेतलं होतं. ही पद्धत तूच सुचवली होतीस, म्हणजे तुला कळेल किती झालं.

मामा, मी मोटारीच उतरवल्या. घराच्या ओळी उतरवल्या नाहीत.

मुद्दाम ठरवून नाही. सुरुवातीला वाटलं, आधी धंदा संपवू, मग वह्या पुन्हा पहिल्यापासून घेऊन घर भरू. मग परीक्षा आली. मग असं वाटायला लागलं की 'शेवग्याला शेंगा धरल्या' ह्यात उतरवण्यासारखं आहे तरी काय, ही काही माहिती नाही. मला खरंच तसं वाटत होतं. शिकत होते ना मी. एका पानावर माझंच होतं. 'भाचीचा कालेजात नंबर लागला. भुईगावची मोटार उद्या.' मी ते वाचलं, थोडी हसले, भुईगावची मोटार उतरवली आणि कोपऱ्यात हिरवी खूण केली.

तू काटकसरी माणूस. कागद फुकट जाऊ देणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. एका रविवारी दुपारी मी पडद्याकडे बघत टाईप करत होते आणि तू दारात आलास. तुझ्या हातात वहीचं एक फाडलेलं पान असणार, हिरव्या खुणेचं, हे मला नंतर कळलं. मागून वार्निशचा वास येत होता. तू विचारलंस,

"हे पन गेलं ना आत? सगळं?"

मी म्हटलं, "हो."

मी मान वळवली नाही. माझं बोट राजोडीच्या कुठल्यातरी आकड्यावर होतं, मोजणी चुकली असती. तुझ्याकडूनच शिकले होते की मोजताना बोलायचं नाही. तेवढा एक शब्द बोलले आणि तो खोटा होता. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुझ्यासाठी माझा 'हो' म्हणजे पावती होती. हिरवी खूण असलेलं पान तू फाडायचास, मोटारीवरून ओघळलेलं वार्निश त्याने पुसायचास आणि बोळा करून चुलीत टाकायला मामीच्या टोपलीत ठेवायचास. मला हे कळलं तेव्हा सहा वह्यांचे नुसते पुठ्ठे उरले होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय केलं तर घराच्या ओळींबद्दल काही न बोलता उरलेल्या वह्या भराभर उतरवायला घेतल्या, आणि त्यातही मोटारीच उतरवल्या, कारण आता थांबले तर तू विचारशील, का थांबलीस. पावसाळा लागेपर्यंत दहा वह्या संपल्या, त्यांची पानंही चुलीत गेली. चालू वही तेवढी राहिली.

आता आज काय झालं ते.

अकराच्या सुमारास राजोडीचे एक काका आले. सायकलच्या कॅरियरला मोटार बांधलेली. त्यांना तुझं कळलं नव्हतं, मुलीकडे गेले होते म्हणाले. दारातच कळलं तेव्हा ते सायकल धरून तसेच उभे राहिले, स्टँड लावायचं त्यांना सुचेना. मामीने त्यांना आत बोलावलं. चहा झाला. जाताना ते फार संकोचाने म्हणाले, आता भरणार कोण ही, आधीची तार दुसऱ्याने कापून टाकली आहे, त्याला वेढे काही जमले नाहीत. मी म्हटलं, थांबा. रुमाल काढला, कॉम्प्युटर चालू केला. गावाचं नाव टाकलं. 'नारळाच्या रांगेतली विहीर' एवढं त्यांनी सांगितलं आणि नोंद मिळाली. खाचा, वेढे, गेज, सगळं मी कागदावर लिहून दिलं. म्हटलं, विरारला कोणाकडूनही ह्याप्रमाणे भरून घ्या. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि डोक्याला लावला. म्हणाले, "माणूस गेला तरी काम देतो."

मला तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त वाटलं, हे तुला सांगायला हवं.

ते गेले आणि मामी माझ्या शेजारी येऊन बसली, खाली पाटावर. पदराला हात पुसून म्हणाली, औंदा आपल्याला दिवाळी नाही. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग ते पान आजच वाच.

मला लगेच कळलं, कुठलं पान. लक्ष्मीपूजनाला तू नव्या वहीला हळदकुंकू लावायचास आणि जुन्यातली एखादी वही काढून तिला एक पान वाचून दाखवायचास. तिला अक्षर येत नाही. वर्षात तेवढंच एक पान. कॉम्प्युटर आला तेव्हा तूच तिला सांगितलं होतंस की पुढच्या दिवाळीला टीव्हीवरनं वाचीन.

"आपली विहीर खनली त्या सालचं काढ," मामी म्हणाली. "पानी लागलं त्या दिवशीचं. सगळं घातलंस ना तू ह्याच्यात."

मी 'घर' ह्या फांदीवर दाबलं. कोरं पान उघडलं. मामी त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली, तिला काय माहीत ते कोरं आहे. मला वाटलं, काहीतरी रचून वाचावं. विहीर, पाणी, नारळ फोडला असेल, पेढे वाटले असतील, सहज जमलं असतं. तोंड उघडलं आणि नाही जमलं. एकदा 'हो' म्हटलं होतं, दुसऱ्यांदा येईना. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, हिरव्या खुणेचं, तू विचारलंस त्याचं, टोपलीतल्या बोळ्यांचं. तिनेच ते चुलीत घातले होते, हेही सांगितलं.

बाहेर कोणाचा तरी पंप चालू होता.

"बाय," ती म्हणाली, "दोन वळी असायच्या त्या पानावर."

मी म्हटलं, हो.

"अक्षर येत नाय, पन डोळं हायत ना मला. दोन वळी लिवलेल्या आनि हा वाचायचा पाच मिनटं. बोट तितंच, तोंड चालू." ती थोडी हसली. "मी कदी बोलले नाय. म्हटलं, वाचू दे."

मामा, हे तुला माहीत होतं का? तिला सगळं कळत होतं हे? त्या विहिरीचं पान मी उतरवलं तेव्हा पाहिलं होतं, आता आठवतं. त्यावर घराची एकच ओळ होती, 'पाणी लागलं, गोड आहे.' बाकीची पाच मिनिटं तू वहीत कधी लिहिलीच नव्हतीस. ती माझ्या हिरव्या खुणेने गेली नाहीत. ती तू गेलास त्या मंगळवारी गेली.

पण ह्याने माझा 'हो' खरा होत नाही. तो तसाच आहे, तुझ्या-माझ्यामधे. तू विचारलं होतंस, सगळं? आणि मी मान वळवली नव्हती. मामीने मला माफ केलं असं मी म्हणत नाही, तिने तो विषयच काढला नाही. तुझ्याकडून तर आता काही येणार नाही. मला सांगायचं होतं, एवढंच.

मग मामी म्हणाली, चालू वही आण. मी कारखान्यातून आणली. मशीनच्या शेजारी उघडीच होती, वर तारेचा तुकडा ठेवलेला. तुझी शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवली. 'नंदाखालची मोटार भरायला घेतली, चोवीस खाचा. हिने केलेलं कालवण खारट.'

"खारट नव्हतं," मामी म्हणाली. "तोंडाला चव नव्हती त्याच्या. दोन दिवस नव्हती." मग पुन्हा म्हणाली, "खारट नव्हतं."

मी वही मिटणार होते. तिने हात लावून थांबवली.

"लिव," म्हणाली. "खालीच लिव. राजोडीचा मानूस मोटार घेऊन आला. बायने त्याला वेढे लिवून दिले. चा पिऊन गेला."

मी लिहिलं. तू लिहायचास तसं, एकाच दमात. त्या काकांचं नाव विचारलं तर ती म्हणाली, नाव कशाला, नारळाच्या रांगेतली विहीर लिव. तेही लिहिलं. मग मी तिला न विचारता खाली आणखी एक ओळ घातली, कारण ती मला एकटीलाच पाठ आहे. भाचीचा कालेजात नंबर लागला. भुईगावची मोटार उद्या.

मामीने विचारलं, आता हे त्या मशीनमधे कुठे जाईल, घरात का धंद्यात. मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

हिरवं पेन वहीच्या दोऱ्याला अडकवलेलं होतं. मी ते काढून मामीच्या मिश्रीच्या डबीशेजारी ठेवलं. पानाचा कोपरा कोरा आहे.